बिनपगारी संचालक आणि गावचा पुढारी: अमेरिकेतल्या क्रेडिट युनियनचं परीक्षण

निकाल आधीच सांगून टाकतो. अमेरिकेतली नीट चालणारी, संघीय सनद (केंद्र सरकारचा परवाना) असलेली क्रेडिट युनियन गाडीच्या कर्जाला, अडीनडीच्या छोट्या कर्जाला आणि क्रेडिट कार्डाला बँकेपेक्षा बहुतेक वेळा सरस ठरते. भारतात पैसे पाठवायला, धंद्याच्या मोठ्या कर्जाला आणि चकाचक मोबाइल अ‍ॅपच्या हौसेपोटी मात्र तिच्याकडे जाऊ नये. राहिला प्रश्न माहितीपत्रकातल्या त्या फोटोचा. शहराचे मेयर किंवा काउंटीचे, म्हणजे साधारण जिल्ह्याचे, निवडून आलेले कमिशनर ‘आमच्या संचालक मंडळावर मानद सेवा देतात’ असं छापलेलं असतं आणि सभासदाला वाटतं, सरकारी माणूस बसलाय म्हणजे पैसे सुरक्षित. सुरक्षितता त्या फोटोतून येत नाही. ती कुठून येते आणि त्या माणसाच्या हातात नेमकं काय असतं, यावरच या परीक्षणाचा बराच भाग खर्च केला आहे.

क्रेडिट युनियन म्हणजे ढोबळमानाने आपली पतसंस्था. ठेवीदार हाच मालक. खातं उघडताना एक शेअर घ्यावा लागतो, तो बऱ्याच ठिकाणी ५ डॉलरचा असतो. त्यानंतर तुमचे पन्नास डॉलर असोत की पाच लाख, मत एकच. दुसऱ्याच्या वतीने मत टाकायची सोयही नाही. साम्य वरवरचं नाही, त्याला इतिहास आहे. बोस्टनचे व्यापारी एडवर्ड फायलीन १९०७ मध्ये भारतात आले होते. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याखाली खेड्यांत सुरू झालेल्या संस्था त्यांनी पाहिल्या आणि परतल्यावर अमेरिकेत तसंच काही उभं करायच्या मागे ते लागले. मॅसॅच्युसेट्सचा कायदा १९०९ चा, संघीय कायदा १९३४ चा. आज देशात साडेचार हजारांच्या आसपास क्रेडिट युनियन आहेत आणि सभासद १४ कोटींच्या घरात.

कुणालाही कुठेही खातं उघडता येत नाही, हे आधी लक्षात घ्या. नोकरीचं ठिकाण, राहण्याचा भाग, संघटना किंवा घरातला कुणी आधीपासून सभासद, असा काहीतरी सामाईक धागा लागतो. काउंटीभर खुल्या असलेल्या युनियनमध्ये पत्त्याचा पुरावा पुरतो. एकदा सभासद झालात की नोकरी किंवा गाव बदललं तरी सभासदत्व बहुतेक ठिकाणी टिकतं, त्यामुळे तो किमान शेअर काढून खातं बंद करायची घाई करू नका.

आता सेवा. गाडीचं कर्ज हा या संस्थांचा हातखंडा. २५,००० डॉलर, ६० महिने असा हिशेब धरा: ८ टक्क्यांनी हप्ता साधारण ५०७ डॉलर, ६ टक्क्यांनी ४८३. पाच वर्षांत फरक चौदाशेच्या वर जातो. पण हा फायदा घ्यायचा तर कर्ज थेट युनियनकडून मंजूर करून घ्या आणि मंजुरीपत्र खिशात ठेवूनच डीलरकडे जा. त्याच युनियनचं कर्ज डीलरच्या टेबलावर बसून घेतलं तर मध्ये डीलरचा वाटा येतो आणि दर वर सरकू शकतो. गाडी तीच, संस्था तीच, हप्ता मात्र जास्त. संघीय युनियनला मुदतीआधी कर्ज फेडल्याबद्दल दंड लावता येत नाही, कायद्यानेच मनाई आहे. व्हिसावर असणाऱ्यांनी आणखी एक विचारून घ्यावं: काही युनियन कर्जाची मुदत व्हिसाच्या शेवटच्या तारखेपर्यंतच देतात. तसं असेल तर ६० महिन्यांचं गणित कागदावरच राहतं.

व्याजाला छत आहे. संघीय युनियनसाठी कायद्यातला मूळ आकडा १५ टक्के; नियामक संस्थेने, म्हणजे एनसीयूएने, १९८७ पासून तो १८ वर ठेवला आहे आणि मुदत संपली की वाढवत आणला आहे. क्रेडिट कार्डही त्यातच आलं. मोठ्या बँकांची कार्डं सहज वीस टक्क्यांच्या पुढे जातात, तेव्हा महिन्याचं बिल पूर्ण न भरणाऱ्याला हा फरक जाणवण्याइतका आहे. राज्याच्या सनदेवर चालणाऱ्या युनियनला हे छत आपोआप लागू नाही. तिथे त्या राज्याचा कायदा.

छोट्या कर्जासाठी ‘पाल’ नावाची योजना आहे. पहिल्या प्रकारात २०० ते १,००० डॉलर, एक ते सहा महिने, व्याज जास्तीत जास्त २८ टक्के (वरच्या १८ च्या छताला हा अपवाद) आणि अर्जाचे फार तर २० डॉलर. ५०० डॉलर सहा महिन्यांसाठी घेतले तर हप्ता ९० डॉलरच्या आसपास येतो. व्याज आणि अर्ज-शुल्क मिळून साधारण ६२ डॉलर जातात. तेच ५०० डॉलर कोपऱ्यावरच्या, पगाराच्या दिवसापर्यंत उसनं देणाऱ्या पे-डे दुकानातून दर शंभराला १५ डॉलर या भावाने घेऊन दर पंधरा दिवसांनी पुढे ढकलत राहिलात, तर सहा महिन्यांत नुसत्या शुल्कापोटी ९७५ डॉलर जातात आणि मुद्दल तसंच्या तसं उभं. ही योजना सगळ्या युनियन देत नाहीत आणि काउंटरवर कुणी आपणहून सांगेल याची खात्री नाही. नाव घेऊन विचारा.

जिथे लोक सर्वात जास्त फसतात ते कलम म्हणजे क्रॉस-कोलॅटरल. कर्जाच्या करारात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की, या कर्जासाठी तारण दिलेली वस्तू तुमच्या याच संस्थेतल्या इतर सगळ्या देण्यांनाही तारण राहील. घडतं असं: गाडीचा शेवटचा हप्ता भरला, टायटल (गाडीच्या मालकीचा कागद) हातात यायची वाट पाहता, आणि पत्र येतं की कार्डावर ३,००० डॉलर थकले आहेत, ते भरल्याशिवाय गाडीवरचा बोजा उतरणार नाही. गाडी विकायला काढलेली असेल तर व्यवहार तिथेच अडतो. शिवाय संघीय युनियनला सभासदाच्या ठेवीवर वैधानिक बोजा ठेवता येतो. हप्ते थकले तर बचत खात्यातून रक्कम उचलली जाऊ शकते. कार्डाच्या थकबाकीपोटी बँकेला असं परस्पर वळतं करता येत नाही, पण युनियनच्या कार्ड-करारात तुम्ही ठेवी तारण द्यायला स्पष्ट संमती दिली असेल तर गोष्ट वेगळी. उपाय साधा आहे. गाडीचं कर्ज इथे असेल तर कार्ड किंवा पगाराचं खातं दुसरीकडे ठेवा. आणि सही करण्याआधी करारात ‘इतर सर्व देणी’ अशा अर्थाचं वाक्य शोधा.

भारतात पैसे पाठवण्याबद्दल थोडक्यात: छोट्या युनियनकडे स्वतःचा स्विफ्ट कोड (परदेशी व्यवहारात बँकेची ओळख) नसतो, वायर, म्हणजे पाठवलेली रक्कम, मधल्या बँकेमार्फत जाते-येते, दोन ठिकाणी शुल्क कापलं जातं आणि तपशिलात एक अक्षर चुकलं तर पैसे मध्येच अडकून बसतात. त्या कामाला दुसरा मार्ग धरा.

शाखा कमी असतात, पण बऱ्याच युनियन एकमेकींच्या खिडक्या वापरू देतात आणि को-ऑप नावाच्या सामाईक जाळ्यात ३०,००० च्या आसपास एटीएम आहेत. हे पुरतं.

संचालक मंडळाकडे वळू. संघीय युनियनच्या मंडळावर ५ ते १५ माणसं असतात, संख्या विषम. यांना पगार नाही. कायद्याने मंडळातल्या फार तर एका पदाधिकाऱ्याला त्या कामाचा मोबदला देता येतो, बाकीचे फुकट. प्रवास, मुक्काम, प्रशिक्षण यांचा वाजवी खर्च मिळतो आणि धोरणात बसत असेल तर सोबतच्या एका व्यक्तीचा प्रवासखर्चही. लांबच्या थंड हवेच्या ठिकाणी होणाऱ्या परिषदांना मंडळ हौसेने जातं ते याच तरतुदीखाली. म्हणून ‘एक पैसा घेत नाही’ हे वाक्य खरं असलं तरी ‘संस्थेला त्यांचा काही खर्च नाही’ हे त्यातून निघत नाही. राज्याच्या सनदेवरच्या काही युनियन संचालकांना मानधन देऊ शकतात; त्यांना भरावं लागणारं ९९० क्रमांकाचं कर-विवरणपत्र सार्वजनिक असतं आणि कुणाला किती दिलं ते त्यात दिसतं. संघीय युनियनला हे विवरणपत्र भरावं लागत नाही.

गावचा पुढारी या मंडळावर येतो कसा? निवडणुकीने, पण आपल्याला सवय असलेल्या पॅनेल-जाहीरनामा-जेवणावळी अशा निवडणुकीने नव्हे. नामनिर्देशन समिती नावं ठरवते. जागा तीन आणि उमेदवारही तीन असले तर मतदान न घेताच निवड जाहीर होते आणि वार्षिक सभा कॉफी निवायच्या आत आटोपते. मधल्या काळात एखादी जागा रिकामी झाली तर मंडळच माणूस नेमतं, आणि पुढच्या सभेत तो ‘विद्यमान संचालक’ म्हणून उभा राहतो. बाहेरच्याला उभं राहायचं तर अर्जावर एकूण सभासदांच्या एक टक्का सह्या लागतात. किमान २०, जास्तीत जास्त ५००. चाळीस हजार सभासदांच्या युनियनमध्ये म्हणजे ४०० सह्या. अशक्य नाही, पण बहुतेकांना हा मार्ग आहे हेच माहीत नसतं. तेव्हा मंडळावर कमिशनर दिसला तर पहिला प्रश्न हा विचारावा: सभासदांनी निवडून दिला की मंडळाने बोलावून घेतला?

असा माणूस उपयोगी पडतो का? पडतो, एका मर्यादेपर्यंत. काउंटीचं किंवा शहराचं अंदाजपत्रक वर्षानुवर्षं हाताळलेल्या माणसाला जाडजूड कागदपत्रं वाचायची, खर्चाच्या ओळीवर बोट ठेवायची, अधिकाऱ्याला उघड सभेत प्रश्न विचारायची सवय असते. बिनपगारी मंडळावर हा गुण दुर्मीळ आहे. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या पगारवाढीचा ठराव आला की ‘तुलनेला घेतलेल्या संस्था कुणी निवडल्या?’ हे विचारणारा एक तरी माणूस हवा असतो. इमारतीचं कंत्राट, निविदा, लेखापरीक्षकाची नेमणूक या बाबतींतही सिटी मॅनेजर किंवा काउंटी खजिनदार राहिलेला संचालक निवृत्त शिक्षकापेक्षा लवकर गोम ओळखतो.

पण सरकारी हिशेब आणि वित्तसंस्थेचा हिशेब यांत मोठी दरी आहे. नगरपालिकेत प्रश्न असतो तरतुदीत खर्च बसतो का. इथे खर्चाइतकाच, किंबहुना जास्त, प्रश्न असतो व्याजदर फिरले तर काय. २०२० आणि २०२१ मध्ये तीन टक्क्यांच्या आसपास तीस वर्षांची घरकर्जं वाटली गेली. २०२२ च्या सुरुवातीला शून्याजवळ असलेला फेडचा, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा, दर जुलै २०२३ मध्ये ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर गेला. ठेवीदार टिकवायला चार-साडेचार टक्के द्यावे लागले आणि हाताशी मात्र तीन टक्के देणारी, आणखी पंचवीस वर्षं चालणारी कर्जं. अंदाजपत्रक जुळवण्यात हयात घालवलेल्या माणसाला ही अडचण ताळेबंदात दिसेलच असं नाही, कारण हप्ते वेळेवर येत असतात, थकबाकी शून्याजवळ असते आणि तरीही संस्था आतून पातळ होत जाते. ‘दर तीन टक्क्यांनी चढले तर आपलं नक्त आर्थिक मूल्य किती उरेल?’ हा प्रश्न ज्याला सुचतो तो संचालक कामाचा. बाकी पदव्या आणि पदं शोभेची.

नियमही हेच धरून आहे. संघीय युनियनच्या संचालकाला निवडीपासून सहा महिन्यांत ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक वाचता आलं पाहिजे, व्यवस्थापनाला आणि लेखापरीक्षकाला अर्थपूर्ण प्रश्न विचारता आले पाहिजेत, अशी अट आहे. रोजचा कारभार अधिकाऱ्यांवर सोपवता येतो, जबाबदारी सोपवता येत नाही. ‘मी तर मानद होतो, मला काय माहीत’ ही सबब चालत नाही.

वेळेचं गणितही बघा. निवडणुकीच्या वर्षात पुढाऱ्याची हजेरी घसरते. संघीय युनियनच्या नमुना उपविधीप्रमाणे सलग तीन महिने किंवा वर्षात चार नियमित सभा चुकवल्या तर ती जागा रिकामी झाल्याचं मंडळ जाहीर करू शकतं. ‘शकतं’ या शब्दावर बोट ठेवायला हवं. गावातल्या वजनदार माणसाला कोण सांगणार की तुमची जागा गेली? वार्षिक अहवालात हजेरी छापत असतील तर पाहा, नसतील तर सभेत विचारा.

आपल्याकडून आलेल्या माणसाची खरी पंचाईत पुढे आहे. कमिशनरसाहेब देवळाच्या कार्यक्रमात भेटतात, हात मिळवतात, मग कर्ज अडलं तर त्यांना एक फोन का करू नये? करू नये, कारण त्यातून काही निघणार नाही, आणि निघालं तर ते जास्त वाईट. कर्जाची मंजुरी कर्ज अधिकारी देतात. सभासदांच्या व्यवहारांची गुप्तता पाळणं संचालकावर बंधनकारक आहे, तुमच्या ओळखीच्या माणसाचं कर्ज का नाकारलं हे तो जेवणाच्या टेबलावर सांगू शकत नाही. त्याच्या स्वतःच्या, घरच्यांच्या किंवा त्याच्या भागीदारांच्या कर्जाला इतर सभासदांपेक्षा चांगला दर किंवा सोप्या अटी देता येत नाहीत. संचालकाची कर्जं, त्याने तारण ठेवलेल्या ठेवी वगळून, २०,००० डॉलरच्या वर गेली तर मंडळाची मंजुरी लागते, आणि स्वतःच्या आर्थिक हिताच्या विषयावर त्याला चर्चेतही बसता येत नाही.

वशिल्याऐवजी कायद्याने दिलेला एक रस्ता आहे आणि तो फारसा कुणी वापरत नाही. ज्या संघीय युनियनमध्ये कर्ज समिती नाही, तिथे कर्ज अधिकाऱ्याने अर्ज नाकारला तर सभासदाला लेखी मागणी करून तो संचालक मंडळापुढे फेरविचाराला नेण्याचा हक्क आहे. आधी नकाराचं पत्र हातात घ्या. पूर्ण अर्जावरचा निर्णय ३० दिवसांत कळवायला हवा आणि कारणं सांगायला हवीत. मग त्या कारणांना नेमकं उत्तर देणारं एक पान लिहा: उत्पन्नाच्या तुलनेत कर्ज जास्त असं म्हटलं असेल तर फेडलेल्या कर्जाचा दाखला, पत-इतिहास तोकडा असं म्हटलं असेल तर बारा महिन्यांच्या घरभाड्याच्या पावत्या. ‘मंडळाने फेरविचार करावा’ असे शब्द त्यात हवेतच. तोंडी विनंतीला किंमत नाही.

पुढाऱ्याच्या मानद सेवेतला नाजूक भाग म्हणजे दोन टेबलं. सकाळी तो काउंटीच्या टेबलावर बसतो, संध्याकाळी युनियनच्या. काउंटी कर्मचाऱ्यांच्या पगारातून युनियनचे हप्ते थेट कापले जातात. काउंटीच्या इमारतीत युनियनची शाखा भाड्याने असते. नव्या शाखेला बांधकाम परवाना लागतो. आणि सर्वात मोठी गोष्ट, काउंटीचा पैसा कुठे ठेवायचा हे ठरवायचं असतं. संघीय कायद्याने युनियनला सरकारी संस्थांच्या ठेवी घेता येतात, पण काउंटीने त्या तिथे ठेवाव्यात की नाही हे राज्याचा कायदा ठरवतो. काही राज्यांत त्या फक्त बँकांत ठेवता येतात, काही ठिकाणी वर तारण मागतात. विम्याची मर्यादाही आहेच: राज्यातल्याच संस्थेत पैसे ठेवणाऱ्या सरकारी खजिनदाराच्या चालू स्वरूपाच्या ठेवींना २,५०,००० डॉलर आणि बचत-मुदतीच्या ठेवींना वेगळे २,५०,०००. काउंटीची दोन कोटींची ठेव म्हणजे जवळजवळ सगळी बिनविम्याची. अशा ठरावावर त्या माणसाने दोन्ही टेबलांवरून उठून जायला हवं, एका नव्हे. काउंटीची इतिवृत्तं बहुतेक ठिकाणी संकेतस्थळावर मिळतात. तिथे युनियनचं नाव शोधलं की तो उठला होता की नाही ते पाच मिनिटांत कळतं.

प्रचाराचंही तसंच. युनियनच्या वार्तापत्रात निवडणुकीच्या दोन महिने आधी एका संचालकाचे फोटो अचानक वाढले तर सभासदाने पत्र लिहून विचारावं. सभासदांची यादी कुणाच्याही प्रचाराला द्यायची वस्तू नाही.

मंडळ निजलं तर काय होतं त्याचं ठळक उदाहरण न्यूयॉर्कमधलं. म्युनिसिपल क्रेडिट युनियन ही १९१६ पासूनची, शहराच्या कर्मचाऱ्यांची जुनी संस्था, राज्याच्या सनदेवरची. तिच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने नव्वद लाख डॉलरहून जास्त रक्कम लाटली. पद्धत अगदी साधी होती: दातांच्या कामाची खोटी बिलं, अपंगत्व विम्याच्या बदल्यात म्हणून घेतलेली रोख. त्यातले लाखो डॉलर लॉटरीच्या तिकिटांवर उडवले. २०१९ मध्ये त्याला साडेपाच वर्षांची शिक्षा झाली, आणि त्याच वर्षी एनसीयूएने संस्थेचा ताबा घेतला. संस्था चालू राहिली. यात कुठेही किचकट आर्थिक खेळ नव्हता, नुसती एका माणसाची बिलं होती. पगाराबाहेरची मोठी देणी दुसऱ्या कुणी तपासून सही करायची एवढा नियम पाळला असता तरी लवकर उघडं पडलं असतं.

म्हणून मंडळाइतकंच पर्यवेक्षण समितीकडे पाहा. तीन ते पाच सभासदांची ही समिती मंडळ नेमतं. वार्षिक लेखापरीक्षण करून घेणं आणि दर दोन वर्षांनी किमान एकदा सभासदांच्या खात्यांची पडताळणी करणं तिच्याकडे. ‘तुमची शिल्लक इतकी आहे, जुळत नसेल तर या पत्त्यावर कळवा’ असं पत्र येतं ते तिचं. लोक जाहिरात समजून टाकून देतात. टाकू नका, जुळवा. मालमत्ता ५० कोटी डॉलर किंवा जास्त असेल तर स्वतंत्र सीपीएकडून (तिथला सनदी लेखापाल) पूर्ण लेखापरीक्षण सक्तीचं आहे. त्याहून लहान संस्थांत कमी खोलीची तपासणीही चालते, तेव्हा कोणत्या प्रकारची झाली ते विचारा.

खातं उघडण्याआधीची तपासणी अर्ध्या तासाची आहे. एनसीयूएच्या संकेतस्थळावर क्रेडिट युनियन शोधायची सोय आहे. नाव किंवा सनद क्रमांक टाका. दर तिमाहीचा ५३०० क्रमांकाचा अहवाल तिथेच मिळतो. पहिला आकडा नक्त भांडवलाचं (देणी वजा जाता संस्थेचं स्वतःचं उरतं ते) मालमत्तेशी प्रमाण. मालमत्ता २० कोटी डॉलर आणि नक्त भांडवल १ कोटी ९० लाख असेल तर ते ९.५ टक्के झालं. सात टक्के आणि वर म्हणजे ‘भक्कम’ वर्ग. सहाच्या खाली घसरलं की नियामकाचा हात पडतो. एका तिमाहीवर जाऊ नका, आठ तिमाही शेजारी शेजारी ठेवा. नऊवरून साडेसातवर उतरत आलेली संस्था, साडेसातवर स्थिर असलेल्या संस्थेपेक्षा काळजीची. दुसरा आकडा ६० दिवसांहून जास्त थकलेली कर्जं, आणि त्याच्या शेजारीच निर्लेखित केलेली, म्हणजे बुडीत धरून वहीतून काढून टाकलेली, कर्जं. थकबाकी अचानक छान दिसू लागली आणि निर्लेखन फुगलं तर वसुली सुधारलेली नसून रक्कम एका रकान्यातून दुसऱ्यात गेली आहे. तिसरा, कर्ज-ठेव प्रमाण: शंभराच्या जवळ पोचलं असेल तर संस्था ठेवीसाठी भुकेली आहे. मुदत ठेवीचा दर चांगला मिळेल, पण तो का मिळतोय हे समजून घ्या.

विमा कुणाचा आहे तेही दारावरच्या पाटीवर वाचा. संघीय विमा असेल तर एका व्यक्तीच्या खात्यांना मिळून २,५०,००० डॉलर, आणि संयुक्त खात्यात प्रत्येक सहमालकाला वेगळे २,५०,०००. नवरा-बायकोचं संयुक्त खातं म्हणजे पाच लाखांपर्यंत झाकलेलं. काही राज्यांतल्या राज्य-सनदेच्या युनियनना खाजगी विमा घेता येतो. त्यामागे संघीय सरकार उभं नाही. मंडळावर मेयर असला तरी नाही.

विलीनीकरणाची नोटीस आली तर ती पूर्ण वाचा. सभा किमान ४५ दिवस आधी कळवावी लागते आणि वरिष्ठ अधिकारी किंवा संचालकांना विलीनीकरणामुळे ठरावीक मर्यादेवर पैसे मिळणार असतील तर ते त्यात लिहावं लागतं. बिनपगारी सेवेची परीक्षा अनेकदा याच पानावर होते.

तक्रारीचा क्रम असा ठेवा. आधी शाखेत लेखी, मग पर्यवेक्षण समितीला पत्राने, आणि तरीही हललं नाही तर एनसीयूएच्या ग्राहक साहाय्य केंद्राकडे. ते प्रकरण युनियनकडे पाठवतात, उत्तराला साधारण ६० दिवस मिळतात. कमिशनरच्या कार्यालयात गेलात तर या साठांतले चार-पाच दिवस वाया जातील. मंडळाची इतिवृत्तं आणि हिशेबाची पुस्तकं पाहायची असतील तर योग्य कारण देऊन एक टक्का सभासदांच्या सह्यांचा अर्ज द्यावा लागतो, इथेही किमान २० आणि जास्तीत जास्त ५००. कर्मचाऱ्यांची आणि इतर सभासदांची खाजगी माहिती त्यात दाखवत नाहीत.